शनिशिंगणापूर : प्रवासाचे अंतर आणि उड्डाणाचा कालावधी

शनिशिंगणापूर हे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील गाव आहे. उघड्या चौथऱ्यावरील शनिदेवाची शिळा आणि दारे नसलेली घरे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. गावात विमानतळ किंवा रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे दूरच्या भाविकांचा प्रवास विमानाने वा रेल्वेने झाला तरी त्याचा शेवटचा टप्पा रस्त्यानेच पार पडतो.

स्थान
हे गाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील घोडेगावपासून आत, सुमारे ५ ते ६ किमीवर आहे. अहिल्यानगर शहर येथून सुमारे ३५ ते ४० किमी, तर शिर्डी सुमारे ७० ते ७५ किमी दूर आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरील राहुरी व अहिल्यानगर ही जवळची रेल्वे स्थानके होत.

जवळचे विमानतळ
शिर्डी विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे आहे. त्याचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. तेथून शनिशिंगणापूर रस्त्याने सुमारे ८० ते ८५ किमी आहे. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सुमारे ९० किमीवर, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १६० किमीवर आहे.

हवाई अंतर आणि रस्त्याचे अंतर
पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी लांबीच्या मार्गास हवाई अंतर म्हणतात. रस्ता घाट, नद्या व गावे यांना अनुसरून वळत असल्याने त्याची लांबी अधिक भरते. मुंबई विमानतळ ते शनिशिंगणापूर हे हवाई अंतर सुमारे २१० किमी आहे. रस्त्याने मात्र सह्याद्री ओलांडून सुमारे ३०० किमी जावे लागते.

उड्डाणाचा कालावधी
विमान जागेवरून हलल्यापासून गंतव्य विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरला जातो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि उतरण्याच्या परवानगीसाठी थांबणे यांचाही समावेश असतो. दिल्ली ते शिर्डी हवाई अंतर सुमारे १,०२० किमी आहे. ताशी ८०० किमी वेगाने त्यास सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. वेळापत्रकात मात्र सुमारे दोन तास असतात. अंतर जितके कमी, तितका या इतर वेळेचा वाटा मोठा. मुंबई–शिर्डी हवाई अंतर केवळ १७० किमीच्या आसपास आहे, तरी त्या उड्डाणास सुमारे पाऊण तास धरावा लागतो.

एकूण प्रवासाचा वेळ
विमानतळावर उड्डाणापूर्वी दीड ते दोन तास पोहोचावे लागते. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्यास काही वेळ जातो, आणि काकडीहून शनिशिंगणापूरला मोटारीने सुमारे दोन तास लागतात. हे सर्व मिळवल्यास मुंबईकराचे पाऊण तासाचे उड्डाण पाच तासांच्या प्रवासात बदलते. थेट रस्त्याने येणाऱ्यासही जवळपास तेवढाच वेळ लागतो. दिल्ली किंवा हैदराबादहून येणाऱ्यांना मात्र विमानाने मोठी बचत होते. शनि अमावस्येस होणाऱ्या गर्दीमुळे घोडेगावपासूनचे शेवटचे काही किलोमीटरही बराच वेळ घेतात. म्हणून परतीचे उड्डाण निवडताना हवाई अंतराऐवजी रस्त्याचा वेळ आणि गर्दीचे दिवस विचारात घेणे आवश्यक ठरते.