खणाचा पन्हा आणि पाडव्याचा ड्रेस

गुढीपाडव्याच्या सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराच्या जुन्या वस्तीत उभे राहा, खण दिसणारच. काही गुढ्यांना बांधलेला आणि पुष्कळ अंगांवर शिवलेला. परकर-पोलके तर आहेच, शिवाय खणाचे वनपीस, कुर्ते, जाकिटे, पुरुषांच्या कुर्त्याची कॉलरसुद्धा. या लाटेची सुरुवात एका दिवशी झाली नाही, पण तिला रस्ता मिळाला तो शोभायात्रांमुळे. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि ती पद्धत ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक अशी पसरत गेली. घरात पूजेपुरता असलेला सण रस्त्यावर आला. मग कपड्याकडून अपेक्षा बदलल्या. ऐन चैत्रात तासन् तास चालायचे, लेझीम खेळायची, कमरेला ढोल बांधायचा, दुचाकीवर बसायचे. हे सगळे झेपेल असा, तरीही सणाचा दिसेल असा कपडा दुकानात सहज मिळत नव्हता. तो बायकांनी स्वतः आखला, बेतला आणि शिवला. या कामात जे डोके चालते, त्याची नोंद व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

सुरुवात कापडापासून करायला हवी, कारण खणाच्या बाबतीत अर्धा ड्रेस कापडानेच आखलेला असतो. खण मूळचा गुळेदगुड्डचा. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले हे विणकरांचे गाव, इरकलच्या शेजारचे. इरकल साडीवर खणाची चोळी ही जोडी तिथूनच महाराष्ट्रभर आली आणि गुळेदगुड्डच्या खणाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. रेशीम आणि सूत वापरून, ताण्यातच जादा धागे घेऊन बारीक बुट्टी उठवायची आणि दोन्ही कडांना काठ ठेवायचा, ही त्याची वीण. हातमागावरच्या खणाचा पन्हा मात्र लहान, साधारण ३१ इंच.

हा ३१ इंचांचा आकडा नीट समजला की पुढचे बरेच कोडे सुटते. काठ परकराच्या घेराला खाली यायला हवा, म्हणजे कापड आडवे धरावे लागते आणि त्याचा पन्हा हीच परकराची उंची होते. आठ वर्षांच्या मुलीला ती पुरून उरते. उरलेले कापड आत दुमडून टीप घालायची आणि मूल वाढेल तशी ती उसवत जायची, ही आपल्या आज्यांची रीत याच हिशेबातून आलेली. मोठ्या बाईच्या पायघोळ घेराला मात्र ३८-४० इंच लागतात. तिथे खण कमी पडतो. मग कमरेखाली साध्या कापडाची रुंद पट्टी लावून तिला खण जोडावा लागतो, किंवा घेर गुडघ्याच्या जरा खाली थांबवावा लागतो. अखंड, खांद्यापासून खालपर्यंत एकाच तुकड्याचा वनपीस आडव्या खणात बसतच नाही. कमरेला जोड येणारच. ज्यांना ही अडचण वाटते त्या नवख्या, आणि ज्या हा जोडच ड्रेसचे सौंदर्य करतात त्या खऱ्या कारागीर, असे माझे मत आहे.

दुसरी अट काठाची. काठ सरळ धाग्यात विणलेला असतो, त्यामुळे तो गोलाकार कापलेल्या घेराला वळत नाही. म्हणून अंब्रेला घेर आणि खणाचा काठ यांचे जमत नाही, चुण्या किंवा प्लीट्सच घालाव्या लागतात. ३० इंची कमरेला तिप्पट चुण्या म्हणजे ९० इंच, सव्वादोन मीटरच्या वर कापड. वरचा काठ चुण्यांत दडवून टाकण्यापेक्षा तो आधीच कापून घ्यावा आणि बाहीला किंवा गळ्याला लावावा. गळा गोल असेल तर तिथे काठ न लावता उरेब पट्टी लावावी. उरेब कापलेले कापड ताणले जाते, वळणाला बसते, काठ मात्र तिथे सुरकुततो. चौकोनी गळ्याला काठ सुरेख बसतो, फक्त कोपऱ्यावर तिरकी टीप अचूक यायला हवी.

हे ज्ञान आपल्याकडे आले कुठून? चोळी हाताने शिवणाऱ्या बायकांच्या बोटांत ते होतेच. पुढे शिवणयंत्र आले. अमेरिकेत आयझॅक सिंगरला १८५१ साली पेटंट मिळाले आणि काही दशकांत त्याच्या कंपनीची यंत्रे भारतात पोचली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका मुलाखतीत सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र मोकळीक दिली, त्यामागे बायकोचे कष्ट पाहून हळहळलेल्या माणसाचे प्रेम आहे असे ते म्हणाले. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणकामाला स्त्रियांच्या शिक्षणात आणि स्वावलंबनात जागा दिली. ‘उषा’ची यंत्रे घरोघर आली ती नंतर, आणि कितीतरी घरांत लग्नातल्या वस्तूंत त्यांची गणना होऊ लागली.

परदेशात घरी शिवणाऱ्यांना कागदी नमुने तयार मिळत. अमेरिकेत बटरिक यांनी ते १८६३ पासून विकायला काढले होते. आपल्याकडे तो बाजार फारसा रुजला नाही. इथे मापावरून थेट आखणी करण्याची शिस्त वाढली, आणि मुंबईच्या झारापकरांची कटिंगची पद्धत व पुस्तक ही तिची ओळख झाली. छातीच्या मापाचे भाग पाडून गळा, मुंढा, खांदा काढायचा. हे गणित एकदा हातात बसले की जुन्या वर्तमानपत्रावर कुठलाही ड्रेस आखता येतो, आणि बाजारातल्या ठोकळ ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’मध्ये न बसणाऱ्या शरीरांना आपला हक्काचा कपडा मिळतो. शिवणाच्या वर्गांना गृहकृत्य म्हणून बाजूला सारले गेले याचे मला वाईट वाटते. ती भूमिती होती.

पाडव्याच्या ड्रेससाठी दोन गोष्टी विशेष बघायच्या. पहिली उन्हाची. बाजारात आज यंत्रमागावरचा मोठ्या पन्ह्याचा खण पुष्कळ आहे आणि त्यात बराचसा कृत्रिम धाग्याचा असतो. तो घाम शोषत नाही. असा खण घेतलाच तर अस्तर मलमलचे किंवा मऊ सुती हवे, आणि ते आधी पाण्यातून काढून वाळवून घ्यायला हवे, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि ड्रेस आतून ओढल्यासारखा दिसतो. बर्फ पुरता न वितळलेल्या गावांत पाडवा साजरा करणाऱ्या परदेशस्थ मराठी बायका याच ड्रेसला लांब बाह्या आणि जाड अस्तर लावतात. सण एकच, हवा वेगळी.

दुसरी गोष्ट हालचालीची. हात वर नेता यावा म्हणून मुंढा खोल कापावा असे पुष्कळांना वाटते. होते उलटेच. मुंढा खोल गेला की हात उचलताना सगळा ड्रेस बरोबर उचलला जातो. काखेजवळचा मुंढा, बाहीला पुरेशी रुंदी आणि हवा तर काखेत कापडाचा छोटा चौकोन, एवढ्याने ढोल वाजवणाऱ्या मुलीचा खांदा मोकळा राहतो. आणि खिसा! शिवलेल्या नऊवारीतही आता बाजूच्या शिवणीत खिसा ठेवतात, किल्ली आणि फोनपुरता. शिवलेल्या नऊवारीला नाके मुरडणारे लोक आहेत. मला ती आवडते, कारण नऊवारीचा मूळ गुण काष्ट्याची मोकळीक हाच आहे, आणि तो ती जपते.

खणापलीकडेही प्रयोग आहेत. विदर्भात करवतकाठी टसर, सोलापूरकडे इरकल. गोव्यात संवत्सर पाडव्याला कुणबी चौकड्याचे ड्रेस दिसतात; ती जुनी वीण पुन्हा लोकांसमोर आणण्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा. चौकड्याला काठाइतकीच शिस्त लागते, बाजूच्या शिवणीत रेघेला रेघ जुळली पाहिजे.

होळी ते पाडवा पंधरा दिवस. कापड घेणे होळीआधी झालेले बरे. घेताना कडेचा एक धागा काढून दुकानाबाहेर जाळून बघावा: सूत कागदासारखे जळून राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. दुकानदाराला गुळेदगुड्डचा हातमाग आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि असेल तर त्याची किंमत घासाघीस न करता द्यावी. शिवताना बाजूला इंचभर माया सोडावी. पाडव्यानंतर तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीची हळदीकुंकवे असतात, तिथे हाच ड्रेस पुन्हा निघतो, आणि पुढच्या वर्षी बहिणीच्या किंवा भाचीच्या अंगाला लागायचा तर तीच माया उसवायला उपयोगी पडते.