हॅमलिब : प्रत्येक रिगची बोली येणारे सॉफ्टवेअर

हौशी रेडिओच्या, म्हणजे ‘हॅम’च्या, जगात १४.०७४ मेगाहर्ट्झवर दिवसरात्र वर्दळ असते. वीस मीटर बँडवरची ‘एफटी८’ ही डिजिटल संदेशपद्धत चालते ती इथेच. संगणकाने रेडिओला, हॅम मंडळींच्या शब्दांत ‘रिग’ला, एवढेच सांगायचे असते की या फ्रिक्वेन्सीवर जा. केनवूडच्या रिगला हे सरळ अक्षरांत चालते : एफ, ए, मग डावीकडे शून्ये भरून अकरा आकडी केलेली हर्ट्झमधली संख्या आणि शेवटी अर्धविराम. यासूच्या एफटी-८१७ला मोजून पाच बाइट लागतात, आणि हिशेब दहा हर्ट्झच्या पटीत. आयकॉमची तऱ्हा तिसरीच. तिला आकड्यांच्या जोड्या उलट्या क्रमाने हव्यात : ००, ४०, ०७, १४, ००. शिवाय आधी रिगचा पत्ता द्यायचा, तो वेगळाच.

कार्यक्रम लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही सगळी लहरी घराणी सांभाळत बसायचे का? या त्राग्यावरचे उत्तर म्हणजे ‘हॅमलिब’. २००० साली फ्रँक सिंगलटन आणि स्टेफान फिलो यांनी सी भाषेत सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प. लायब्ररीला एलजीपीएल परवाना असल्याने ती कुणालाही आपल्या कार्यक्रमात जोडता येते. नोबेल विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांच्या ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’ या एफटी८ चालवणाऱ्या कार्यक्रमातही रिग हलवण्याचे काम हॅमलिबच करते.

मला मात्र हॅमलिबमधला ‘रिगसीटीएलडी’ हा छोटा सेवक जास्त आवडतो. रिगला यूएसबी केबलने जोडलेल्या संगणकावर तो चालू करायचा. तो ४५३२ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर कान लावून बसतो. नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाने लहान ‘एफ’ पाठवला की तो चालू फ्रिक्वेन्सी सांगतो. मोठा ‘एफ’ आणि पुढे १४०७४००० पाठवले की रिग तिथे जाते. मोठ्या ‘टी’पुढे १ म्हणजे प्रक्षेपण सुरू, ० म्हणजे बंद. बस. टेलनेट उघडून हातानेही हे टाइप करता येते. पंचवीस वर्षांत कितीतरी चकचकीत प्रणाली आल्या-गेल्या. हा मजकुरी साधेपणा टिकला, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही आणि बिघडले तर डोळ्यांना दिसते. अँटेनाची केबल लांबली की सिग्नल वाटेतच झिजतो, म्हणून रिग गच्चीवरच्या खोलीत आणि माणूस खाली पंख्याखाली, ही सोय सोसायटीत राहणाऱ्या हॅमला सांगावी लागत नाही.

रिग नसली तरी अडत नाही. मॉडेल क्रमांक १ म्हणजे खोटी रिग : आदेश घेते, उत्तरे देते, हवेत काहीच सोडत नाही. नवशिक्या प्रोग्रामरने तिच्यावर खुशाल हात साफ करावा.

खरी गंमत उपग्रहांत. ‘जीप्रेडिक्ट’ हा कार्यक्रम उपग्रहाची कक्षा मोजतो आणि डॉप्लर परिणामाने सरकणारी फ्रिक्वेन्सी रिगसीटीएलडीला सतत कळवत राहतो. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६वरून सोडलेला हौशी रेडिओचा उपग्रह हॅमसॅट अशाच कसरतीचा होता. त्याच्याकडे पाठवायचे ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि ऐकायचे १४५च्या. वरच्या पट्ट्यात सरक जवळपास दहा किलोहर्ट्झपर्यंत जाते, खालच्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. दोन्ही दिशा उलट्यासुलट्या, बोलतबोलत सांभाळायच्या. अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरसाठी जुळा भाऊ आहे, ‘रोटसीटीएलडी’, पोर्ट ४५३३.

आवाज मात्र या वाटेने जात नाही. नॉब, बटणे, मीटर एवढाच रिगसीटीएलडीचा कारभार; ऐकण्या-बोलण्याची व्यवस्था स्वतंत्र करावी लागते, आणि दूरवरून रिग चालवू पाहणारे बहुतेक जण दमतात ते इथेच. दुसरी गोष्ट सुरक्षेची. हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे टाकणे म्हणजे आपल्या परवान्याच्या कॉलसाइनवर परक्याला प्रक्षेपण करू देणे. व्हीपीएन किंवा एसएसएचच्या बोगद्यातूनच ते न्यावे. आणि ‘टी ०’ वाटेतच हरवला तर? रिग कुणी नसलेल्या खोलीत प्रक्षेपण करत तापत राहील. आयकॉमच्या आयसी-७३००मध्ये संगणकाच्या आदेशाने सुरू झालेल्या प्रक्षेपणासाठी टाइम-आउट टायमर आहे. मेनूत तो शोधून तीन मिनिटांवर लावावा आणि मगच दाराला कुलूप घालावे.