काळं सत्तेचाळीस: बटाटा सडला नाही, तरी माणसं मेली

(कानात इयरफोन घालायची सोय नसलेल्यांसाठी या एपिसोडचं हे लिखित रूप.)

आजचा एपिसोड माझ्या एका फालतू जोकपासून सुरू होतो.

आमच्या टीममधला एक जण डब्लिनहून काम करतो. एकदा कॉलवर जेवणाचा विषय निघाला. माझ्या डब्यात बटाट्याची भाजी होती, तर मी सहज बोलून गेलो, "तुमचं बरंय, तुमच्याकडे रोज बटाटाच ना?" सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. कॉल संपल्यावर त्याचा मेसेज आला: "कधीतरी ब्लॅक फॉर्टी-सेव्हनबद्दल वाच." मला वाटलं फाळणीबद्दल म्हणतोय. आपल्या डोक्यात सत्तेचाळीस म्हटलं की १९४७ च येतं. त्यांच्या डोक्यात येतं १८४७.

मी वाचलं, आणि आधी जे समजत होतो ते चुकीचं निघालं. मला वाटायचं, बटाट्यावर रोग आला, पीक गेलं, माणसं मेली, विषय संपला. गंमत अशी, की १८४७ साली बटाट्यावर रोग जवळजवळ नव्हताच. तरी त्या देशाच्या आठवणीतलं सगळ्यात काळं वर्ष तेच. असं का झालं, तेच आज समजून घेऊ.

आधी थोडं मागे जाऊ. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ८१ लाखांहून जास्त माणसं होती. त्यातली साधारण ३० लाख जवळपास फक्त बटाट्यावर जगायची. आवड म्हणून नाही हं. जमीन जमीनदाराची. गहू, ओट, लोणी विकून खंड भरायचा आणि उरलेल्या तुकड्यात स्वतःपुरता बटाटा लावायचा. कमी जागेत एवढं पोट भरणारं दुसरं पीक नव्हतं. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक मिळालं तर मिळालं.

गरिबांच्या शेतात बहुतेक एकच जात असायची, लंपर. बटाटा बियांपासून नाही, बटाट्याच्याच फोडी लावून वाढवतात, म्हणजे प्रत्येक झाड आधीच्याची हुबेहूब कॉपी. एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल. आमच्या भाषेत, बॅकअपच नाही.

१८४५ मध्ये करपा आला. आपले शेतकरी बटाट्यावरचा जो करपा ओळखतात, तोच. पहिल्या वर्षी पिकाचा मोठा हिस्सा गेला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळंच. आता येतं आपलं वर्ष. त्याचे तीन भाग पाडू: रस्ते, सूप आणि दहा गुंठे.

पहिला भाग, रस्ते. तेव्हा आयर्लंडचा कारभार लंडनहून चालायचा. तिजोरीच्या चाव्या ज्यांच्या हातात, त्यात मोठं नाव चार्ल्स ट्रेव्हेलियन. फुकट अन्न दिलं तर लोक आळशी होतील आणि व्यापाऱ्यांचं नुकसान होईल, अशी तिथली पक्की समजूत. म्हणून आधी काम, मग मजुरी. १८४७ च्या मार्चमध्ये ७ लाखांहून जास्त लोक रस्त्याच्या कामांवर होते. कडाक्याची थंडी, अंगावर चिंध्या, रिकाम्या पोटी खडी फोडायची. धान्याचे भाव इतके चढलेले, की त्या मजुरीत घरच्यांचं पोट भरायचं नाही. कुठेच न पोचणारे त्या काळातले काही रस्ते पश्चिम आयर्लंडमध्ये आजही दिसतात.

खरी मेख इथे आहे. लावणीच्या दिवसांत माणसं खडी फोडत होती, आणि बेण्याचे बटाटे भुकेपोटी आधीच खाऊन झाले होते. दोन वर्षांपूर्वी सुमारे २० लाख एकरांवर बटाटा होता. १८४७ मध्ये ३ लाख एकरसुद्धा भरला नाही. पीक आलं ते निरोगी, पण मूठभर.

दुसरा भाग, सूप. हा भाग वाचताना मला खरंच भारी वाटलं होतं. क्वेकर पंथाच्या लोकांनी आधीच गावोगाव सूपच्या चुली पेटवल्या होत्या. मग सरकारनेही कायदा करून तेच सुरू केलं. लंडनचा नावाजलेला फ्रेंच शेफ अॅलेक्सिस सोये एप्रिलमध्ये डब्लिनला आला आणि त्याने मोठं स्वयंपाकघर उभारलं. घंटा वाजली की शंभर जण आत, साखळीने बांधलेल्या चमच्यांनी खायचं, पुन्हा घंटा, पुढचे शंभर. माणसाचा मान राखणारा प्रकार नव्हता, पण पोटात काहीतरी जात होतं. जुलैमध्ये रोज ३० लाखांहून जास्त लोकांना अन्न मिळत होतं. फोन नाही, कॉम्प्युटर नाही, तरी! आणि खर्च रस्त्यांच्या कामांपेक्षा कमी.

म्हणजे चालणारा उपाय सापडला होता. तो सप्टेंबरअखेर बंद केला.

का? कायदा तात्पुरता होता आणि नवं पीक निरोगी दिसत होतं. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, पण लावणी किती झाली हे कुणी मनावर घेतलं नाही. योगायोग बघा, देशभर शेतीची आकडेवारी गोळा करायला सुरुवात त्याच वर्षी झाली होती. १८४८ च्या सुरुवातीला ट्रेव्हेलियनचा ग्रंथ आला, त्यात दुष्काळ संपल्यासारखीच मांडणी होती. पुढच्या वर्षी करपा परत आला.

तिसरा भाग, दहा गुंठे. जूनमध्ये नवा कायदा आला: यापुढे आयर्लंडच्या गरिबांचा खर्च आयर्लंडच्याच स्थानिक करातून. त्यात विल्यम ग्रेगरी नावाच्या खासदाराने एक कलम घातलं. हा स्वतः आयरिश जमीनदार. ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन, त्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. बारा गुंठे असतील तर ठरवा, जमीन ठेवायची की लेकरांना खायला घालायचं. एकदा जमीन सोडली की परत मिळायची नाही. शिवाय अगदी लहान कुळांचा कर जमीनदारावर पडायचा, त्यामुळे कुळं काढून टाकण्यात त्याचाच फायदा. घरांची छपरं पाडली गेली, म्हणजे माणसं परत यायलाच नकोत.

मग उरली बोट. त्या वर्षी साधारण एक लाख लोक कॅनडाकडे निघाले. टायफसचा ताप बोटींवरही सोबत होता. भुकेपेक्षा अशा रोगांनीच जास्त माणसं नेली. क्युबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांहून जास्त लोक पुरले. स्ट्रोक्सटाउनच्या एका इस्टेटीवरून १,४९० जणांना काढलं, ते कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला गेले. त्या वाटेवर आज लहान मुलांचे ब्राँझचे बूट बसवलेत.

तुम्ही विचाराल, देशात अन्न होतं का? होतं. त्या वर्षी धान्य बाहेर गेलं त्यापेक्षा जास्त आत आलं, पण लोणी आणि जनावरं बाहेर जातच राहिली. बाजारात माल होता, घेणाऱ्याच्या खिशात पैसे नव्हते.

मदत मात्र कुठून कुठून आली! अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी १७० डॉलर जमवले. सोळा वर्षांपूर्वी त्यांनाच त्यांच्या भूमीतून हाकलायला सुरुवात झाली होती, वाटेत हजारो मेले होते. आयरिश लोक हे विसरले नाहीत. २०२० मध्ये कोविडच्या काळात त्यांनी अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी लोकांना भरभरून पैसे पाठवले. आणि अगदी सुरुवातीच्या मदतींपैकी एक आली होती आपल्या कलकत्त्याहून. तिथे १८४६ मध्येच निधी उभा राहिला होता.

दुष्काळ काही वर्षं चालला. साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आज त्या अख्ख्या बेटाची लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास आहे, म्हणजे अजूनही १८४१ पेक्षा कमी.

ऑफिसात सिस्टिम पडली की आम्ही रूट कॉज लिहितो. "करपा" लिहून फाइल बंद करणं सोपं आहे. करपा तर त्या काळात युरोपात इतरही देशांत आला होता. पण १८४७ च्या रकान्यात मला लिहावं लागेल: उपाय चालत होता, तो आपण बंद केला.

मी त्या सहकाऱ्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "अरे, बटाटा आम्हाला आवडतोच. जोकचं काही नाही. फक्त माहीत असू दे." आता माहीत आहे. म्हणून तुम्हालाही सांगितलं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ताटात टाकू नका, आणि काळजी घ्या!