अर्ध्या बुडालेल्या फ्लायची किमया

ढगाळ दुपार. नदीवर मेफ्लाय उडू लागलेल्या असतात, ठिकठिकाणी ट्राउट वर येताना दिसतात, आणि तरीही पाण्यावर टेचात तरंगणाऱ्या फ्लायकडे, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली कीटकाकडे, एकही मासा ढुंकून पाहत नाही. फ्लाय फिशिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. अशा वेळी बहुधा ट्राउट पंख फुटलेले कीटक सोडून पृष्ठभागाला खालून चिकटलेले कीटक टिपत असतात.

मेफ्लायचे पिल्लू, म्हणजे निम्फ, नदीतळाशी वाढते. वाढ पुरी झाली की ते वर येते, पाठीवरची कात फाटते आणि पंखवाला कीटक बाहेर पडतो. पण एवढ्याशा जिवाला पृष्ठताण भेदणे जड जाते. त्या घटकेला त्याला धड पोहताही येत नाही आणि उडताही येत नाही. थंड, दमट हवेत ही अडचण आणखी लांबते. ट्राउटला आयती मेजवानी मिळते. या अवस्थेची नक्कल करणारी फ्लाय म्हणजे इमर्जर.

पृष्ठभागाखालच्या या खाद्याकडे इंग्लंडच्या जी. ई. एम. स्क्यूझ यांनी १९१० साली ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ या पुस्तकातून लक्ष वेधले. आज सर्वांत नावाजलेली इमर्जर आहे क्लिंकहॅमर. डच मासेमार हान्स व्हान क्लिंकन यांनी १९८०च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर ग्रेलिंग माशांसाठी ती घडवली. वाकड्या गळावरचे तिचे सडपातळ अंग पाण्यात लोंबते, छातीला मोरपिसाचे तंतू गुंडाळलेले असतात, आणि वर उभा पांढरा तुरा मासेमाराला दुरून दिसतो. तुऱ्याभोवती आडवे गुंडाळलेले पीस तिला तरंगत ठेवते.

फ्लाय निवडण्याआधी पाणी वाचावे. माशाने पृष्ठभागावरचा कीटक गिळला तर तोंडात हवाही जाते आणि मागे बुडबुडा उरतो. बुडबुडा नसेल, नाक न दिसता फक्त पाठीचा पर आणि शेपूट दिसली, तर इमर्जर बांधावी. नदीवर उडणाऱ्या कीटकाशी आधी आकार जुळवावा, मग रंग. बदकाच्या शेपटीजवळच्या तैलग्रंथीभोवतीची सीडीसी पिसे वापरलेली फ्लाय संथ पाण्यात सरस ठरते. त्या पिसांना मात्र चिकट फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवणारा लेप, लावू नये, तंतू एकमेकांना चिकटतात.

क्लिंकहॅमरला फ्लोटंट लावायचे ते फक्त तुऱ्याला आणि पिसाला. अंगाला लावले तर ते बुडत नाही आणि सगळी युक्ती फसते. मासा जिथे वर आला तिथून प्रवाहाच्या थोड्या वरच्या बाजूला फ्लाय टाकून ती प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. दोरीची ओढ बसून फ्लाय तिरकी घसरली की ट्राउट पाठ फिरवते.

हिमाचलातल्या तीर्थन नदीत ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट आहेत. तिकडे जाणार असाल तर राज्याच्या मत्स्यविभागाचा परवाना आधी काढा आणि पेटीत १४ व १६ क्रमांकाच्या गळांवरच्या क्लिंकहॅमर ठेवाच.