प्रश्नांना आमंत्रण

इ. स. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने एक मोठे बक्षीस जाहीर केले. भर समुद्रात आपले जहाज कोणत्या रेखांशावर आहे, हे अर्ध्या अंशाइतक्या अचूकपणे ठरविण्याची रीत जो शोधील, त्याला २०,००० पौंड मिळावयाचे होते. रेखांश न कळल्यामुळे जहाजे वाट चुकत, खडकांवर आपटत आणि शेकडो खलाशी प्राणांस मुकत. पुढे जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने लाटांच्या हेलकाव्यांतही बिनचूक चालणारे घड्याळ घडविले. त्या वेळी प्रश्न सर्वांना ठाऊक होता. उणीव होती ती साधनाची.

आज त्याच देशात याच्या उलट प्रकार पाहावयास मिळतो. क्वांटम संगणक हे नवे साधन आकार घेत आहे. परंतु त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यावे, हे अजून पुरतेपणी ठरलेले नाही. म्हणून ऑक्सफर्डशायर परगण्यातील हारवेल येथील राष्ट्रीय क्वांटम संगणन केंद्र निरनिराळ्या संस्थांना आवाहन करते की, त्यांनी आपल्या कामातील खरेखुरे प्रश्न सुचवावेत. निवडलेल्या प्रश्नांवर तरुणांची पथके थोडे दिवस झटून काम करतात. अशा मेळाव्याला हॅकेथॉन म्हणतात. ‘हॅक’ म्हणजे संगणकाच्या कामात कल्पकतेने वाट काढणे, आणि ‘थॉन’ हे मॅरेथॉन या लांब पल्ल्याच्या शर्यतीचे शेपूट! आपल्या देशातही २०१७ पासून सरकारी मंत्रालये ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’साठी विद्यार्थ्यांपुढे आपल्या अडचणी मांडीत आली आहेत.

प्रश्न एवढे निवडून का घ्यावे लागतात? नेहमीच्या संगणकाचे सारे काम शून्य व एक या दोन अंकांवर चालते. क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाला क्यूबिट म्हणतात. क्यूबिटमध्ये शून्य आणि एक या दोन्ही शक्यता एकत्र नांदू शकतात. मात्र मोजमाप करताच दोहोंपैकी एकच हाती येते. तेव्हा हे यंत्र सगळी उत्तरे एकदम वाचून दाखविते, असा जो समज आहे तो खरा नव्हे. तळ्यातील दोन लाटा भेटल्या म्हणजे कोठे त्या एकमेकींना उंचावतात, तर कोठे पुसून टाकतात. त्याचप्रमाणे चुकीच्या उत्तरांच्या शक्यता पुसल्या जाव्यात व योग्य उत्तराची शक्यता बळावावी, अशी आकडेमोडीची रचना करावी लागते. ही रचना प्रत्येक प्रश्नाला साधत नाही. शिवाय क्यूबिट फार नाजूक असतात. किंचित उष्णतेने किंवा कंपनानेही त्यांच्या हातून चुका होतात.

यास्तव ‘आमचा धंदा कसा वाढेल?’ असा मोघम प्रश्न येथे निरुपयोगी ठरतो. समजा, एका कोठारातून निघालेल्या टेंपोला पंधरा गावांना माल पोहोचवावयाचा आहे. गावे कोणत्या क्रमाने घेतली असता अंतर सर्वांत कमी पडेल? हा प्रश्न नेमका आहे. पंधरा गावांचे १,३०,७६७ कोटींहून अधिक क्रम संभवतात! तथापि नेहमीचे संगणकही सगळे क्रम तपासीत बसत नाहीत. चतुर युक्त्या योजून ते चांगले उत्तर काढतात. म्हणून आज हे काम कोणत्या रीतीने होते आणि त्याला किती वेळ लागतो, हेही संस्थेने सांगावयास हवे. त्यावाचून नव्या यंत्राची परीक्षा कशी होणार? प्रथम पाचच गावे घ्यावीत. त्यांचे क्रम अवघे १२०. ते कागदावरही तपासता येतात, आणि यंत्र चुकले तर लगेच उमगते.

अनेक शास्त्रज्ञांना अधिक आशा वाटते ती अणुरेणूंच्या प्रश्नांविषयी. निसर्ग ज्या नियमांनी चालतो, त्याच नियमांनी चालणारे यंत्र त्याची नक्कल करण्यास हवे, असा विचार रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडला होता. तूर किंवा हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते हवेतील नायट्रोजनपासून मातीच्या साध्या तापमानात अमोनिया तयार करतात. खतांच्या कारखान्यात मात्र त्याच कामासाठी सुमारे ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जीवाणूंची हातोटी आपल्याला साधली, तर केवढे इंधन वाचेल! पण त्यांच्या ज्या प्रथिनात हे घडते, त्यातील लोह व मॉलिब्डेनम यांच्या अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची वागणूक तंतोतंत मोजणे नेहमीच्या संगणकांना फार जड जाते. आजच्या क्वांटम संगणकांचीही तेवढी ताकद नाही. म्हणून असा प्रश्न आला, तर पथकाने दोन-चार अणूंच्या रेणूपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

प्रश्न कागदावर लिहून पाठविला म्हणजे संस्थेचे काम संपत नाही. तिचा जाणकार माणूस पथकाला भेटावा लागतो. नकाशावर दोन गावांमधला जवळचा रस्ता दिसतो. पण बाजाराच्या दिवशी तो गर्दीने अडलेला असतो, हे टेंपो हाकणाऱ्यालाच ठाऊक. पथकाचा पहिला दिवस कदाचित यंत्राला हातही न लावता अशा विचारपुशीतच जाईल.