टाक्यांनी लिहिलेली कैफियत

चित्रकलेचे कसलेही शिक्षण न लाभलेल्या, परंतु शिवणकामात हात मुरलेल्या एस्थर निसेंथल क्रिनिट्झ या अमेरिकावासी स्त्रीने, आपले बालपणीचे घर आपल्या मुलींना दिसावे म्हणून, १९७७ साली, वयाच्या पन्नाशीत, पोलंडमधील आपले म्निशेक हे गाव कापडावर उतरविण्यास आरंभ केला. १९४२ च्या ऑक्टोबरात गावच्या ज्यूंनी रेल्वे स्थानकाकडे निघावे असा जर्मनांचा हुकूम सुटला असता, पंधरा वर्षांच्या एस्थरने तो जुमानला नाही. धाकट्या बहिणीसह ती निसटली आणि नाव बदलून, कॅथलिक शेतकरीकन्या म्हणून, महायुद्धातून तगली. आईवडील व इतर भावंडे तिला पुन्हा भेटली नाहीत.

घरे, कुंपणे, माणसे यांच्या आकाराचे तुकडे कापून कापडावर जोडावयाचे, त्यांवर पाने, फुले, पिके भरतकामाने भरावयाची आणि तळाशी प्रसंगाचा मजकूरही धाग्यानेच लिहावयाचा, अशी तिची पद्धती. एका चित्रात बागेत काम करणाऱ्या एस्थरशी बोलू लागलेल्या नाझी सैनिकांवर मधमाश्या तुटून पडतात. कथाकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्यावर खचित विश्वास ठेवला नसता! भोवती मात्र फुले, हिरवळ, रंगांची लयलूट. या अत्याचाराच्या दस्तऐवजात एवढे सौंदर्य कशाला, असा आक्षेप कोणी घेईल; पण त्या दिवशीही बाग फुललेलीच होती, आणि शिवणारीच्या प्रामाणिकपणाला ती वगळणे मंजूर नव्हते. २००१ साली ती निवर्तली, तोवर अशी ३६ चित्रे सिद्ध झाली होती.