अटारी एसटी आणि मिडीचा चोख ठेका

मिडी सिक्वेन्सर आवाज साठवत नाही. कोणता सूर, किती जोरात आणि नेमका केव्हा वाजवायचा, एवढ्याच सूचना तो जपतो आणि वेळ झाली की वायरमधून वाद्याकडे धाडतो. त्यामुळे त्याचा सारा कस वक्तशीरपणात लागतो. सूचना काही मिलिसेकंद मागेपुढे होऊ लागल्या तरी ठेका सैल वाटतो. जुन्या संगणकांची आठवण वादक अजून काढतात, ती यामुळेच.

या सूचनांची वाद्यांमधली सामायिक भाषा, म्हणजेच मिडीचे मानक, १९८३ साली आले. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. भारतात इळैयराजांच्या ‘पुन्नगै मन्नन’ (१९८६) या तमिळ चित्रपटाचे संगीत संगणकी सिक्वेन्सरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत गणले जाते. मराठी ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीत हमखास दिसणाऱ्या ऑक्टोपॅडचे मूळही मिडीतच आहे. रोलँडच्या १९८५च्या पॅड-८ला स्वतःचा आवाज नव्हता. आठ पॅडांवर पडणारी काठी तो मिडीद्वारे दुसऱ्या यंत्राला कळवत असे.

त्याच वर्षी अटारी एसटी हा संगणक बाजारात आला. मिडीच्या जोडण्या त्यात मुळातच होत्या, वेगळे कार्ड घ्यावे लागत नसे. ८ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर आजच्या मानाने अगदीच मंद. तरीही नोटेटर, क्यूबेस यांसारखे सिक्वेन्सर त्यावर ठेका चोख धरत. एका वेळी एकच मुख्य प्रोग्रॅम चाले. मागे इंटरनेट नाही, अँटिव्हायरस नाही. टायमरचा इशारा येताच प्रोसेसर हातातले काम थांबवून सूचना थेट मिडीच्या चिपकडे सोपवत असे.

मात्र मिडीच्या वायरलाही मर्यादा आहे. तिच्यातून सेकंदाला ३१,२५० बिट एकामागून एक जातात. एक सूर सुरू करण्याची पूर्ण सूचना ३ बाइटची असते. प्रत्येक बाइटसाठी १० बिट लागतात, म्हणजे एका सूचनेला जवळपास १ मिलिसेकंद. सम गाठताना ड्रम, बेस आणि चार सुरांचा कॉर्ड एकाच वायरवर आले, तर शेवटचा सूर सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणून जाणकार ड्रमचा ट्रॅक सर्वांत वर ठेवत, म्हणजे त्याची सूचना आधी सुटे. काही जण जादा पोर्ट जोडून वाद्ये वाटून देत.

पुढे विंडोज आणि यूएसबीचे दिवस आले. संगणकाचा वेग कित्येक पटींनी वाढला, पण एकाच वेळी अनेक कामे सांभाळताना मिडीची सूचना कधी लगेच, तर कधी थोडी थांबून सुटू लागली. उशीर कायम सारखाच असेल तर वादक तो सांभाळून घेतो. तो दर ठोक्याला बदलला, तर सांभाळायचे कशाच्या आधारावर? या डळमळीला तंत्रज्ञ ‘जिटर’ म्हणतात.

वाद्यही संगणकाच्या आतच, सॉफ्टवेअरमध्ये असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तेथे वाजवण्याची जागा सेकंदाच्या ४४,१००व्या भागापर्यंत नेमकी ठरवता येते, आणि हे अटारीच्या आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा जुन्या यंत्राचे कौतुक खरे आहे, पण ते बाहेरच्या वाद्यांपुरते. ड्रम मशीन आणि सिंथेसायझर वायरने जोडून वाजवणाऱ्याला आजही वेगापेक्षा सातत्य अधिक मोलाचे वाटते.